यंदा कुणालाच घेतलं नाही

अहो,

ऐकलंत का? यंदा कुणालाच घेतलं नाही!

परवा दुपारी मी मेथी निवडत बसले होते आणि रेडिओ चालू होता. बातम्यांच्या शेवटी निवेदक म्हणाला, बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी, थोर खेळाडूंच्या त्या दालनासाठी, क्रीडा-लेखकांनी मतं दिली, पण पुरेशी मतं एकाही खेळाडूला पडली नाहीत. एवढी मोठमोठी नावं, आणि सगळे दाराबाहेर! मी हात पुसत उठले आणि तुम्हाला सांगायला बाहेरच्या खोलीपर्यंत गेलेसुद्धा. दारात पोचल्यावर लक्षात आलं.

मग तिथेच उभी राहिले. आता ही बातमी सांगायची कुणाला? भिशीतल्या बायकांना? देवळातल्या मंडळींना? अख्ख्या विनिपेगमध्ये ज्या तीन माणसांनी ह्या बातमीवर घसा कोरडा होईपर्यंत वाद घातला असता, ती तिन्ही माणसं आता नाहीत. वॉल्टर नाही, रसेल नाही, तुम्ही नाही.

म्हणून हे पत्र. तुम्हाला जाऊन महिना होत आला. लोक येतात, डबे ठेवून जातात, "सुटले बिचारे" म्हणतात. मी मान हलवते. पण मला तुमच्याशी भांडायचंय, आणि ते चारचौघांत करता येत नाही.

इथे आलात तेव्हा तुम्ही पक्के क्रिकेटवाले होतात, आठवतंय? नागपूर सोडून पुलांचे नकाशे काढायला कॅनडातल्या ह्या गोठलेल्या गावात आलात, आणि ऑफिसातले गोरे लंचच्या वेळी फक्त बेसबॉलवर बोलायचे. तुम्ही कोपऱ्यात बसून पोळी-भाजी संपवायचात. घरी येऊन म्हणायचात, "सुमन, मी तिथे भिंतीसारखा असतो गं." मग एका उन्हाळ्यात तुम्ही चिडून तो खेळ शिकायला घेतलात. दोन-तीन उन्हाळ्यांत तुम्ही त्यांनाच शिकवायला लागलात! वसंतचा 'विन्स' झाला तो तेव्हाच.

मला त्यातलं काही कळत नसे. म्हणून माझ्यासाठी तुम्ही खेळाडूंची मराठी बारशी केलीत. सगळ्यांत लाडके तुमचे सबनीस मास्तर. खऱ्या सबनीस मास्तरांनी तुम्हाला शाळेत गणित शिकवलं. कधी रजा नाही, कधी आवाज चढवला नाही, आणि निवृत्त झाले तेव्हा कुणी हारही घातला नाही. तुमचा तो चेंडू टाकणारा तसाच होता म्हणे. हरणाऱ्या संघांतून वर्षानुवर्षं खेळला, खांदा दुखला तरी खेळला, आणि कुणाच्या लक्षात राहिला नाही. दुसरा तो बलभीम. दंड मांडीएवढे, आणि मारलेला चेंडू थेट मैदानाबाहेर, होमरन! पुढे कळलं, की ते दंड स्टिरॉइडचे होते. खरी नावं माझ्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून इथेही हीच लिहिते.

रिटायर झाल्यावर पाच वर्षांनी खेळाडूचं नाव मतदानाला येतं, शंभरातल्या पंचाहत्तर लेखकांनी हो म्हटलं तरच तो हॉलमध्ये जातो, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा रांगेत, आणि बरीच वर्षं असं झालं की नाव कायमचं बाद. हे तुम्ही मला इतक्यांदा सांगितलंत, की झोपेत विचारलं तरी सांगेन. दर जानेवारीत सबनीस मास्तर थोडक्यात राहायचे आणि आपल्या घरात सुतक असल्यासारखं वातावरण असायचं. मी म्हणायचे, "अहो, तो तिकडे आपल्या फार्मवर मजेत असेल, आणि तुम्ही इथे उपाशी बसताय?" तुम्ही म्हणायचात, "मजेत नसणार. लायक माणसाला कळतं, की आपल्याला मोजलं नाही."

मग तुमच्या किडन्या गेल्या.

आठवड्यातून तीनदा त्या डायलिसिस युनिटमध्ये जायचं. सकाळी, इंजिन गोठू नये म्हणून रात्रभर लावलेला गाडीचा हीटर प्लगमधून काढायचा, काचेवरचा बर्फ खरवडायचा, आणि तुम्हाला शालीत गुंडाळून न्यायचं. पोटॅशियम नको म्हणून बटाटे दोनदा उकळून पाणी फेकायचं. टोमॅटो नाही, केळं नाही, नारळ नाही. तुमची तहान तर बघवत नसे. मोजून दिलेला बर्फाचा खडा तुम्ही गालात धरून बसायचात, लहान मुलाने गोळी पुरवावी तसा. पहिले काही महिने तुम्ही त्या खुर्चीत तोंड फिरवून पडून असायचात. नर्सशी नाही, माझ्याशी नाही, कुणाशी म्हणून बोलत नव्हतात. मला वाटलं, हा माणूस आता बोलणारच नाही.

बोलतं कुणी केलं तर वॉल्टरने! शेजारच्या खुर्चीतला हा दांडगा म्हातारा, आयुष्यभर सिटी बस चालवलेला, युक्रेनी वळणाचं इंग्रजी बोलणारा. टीव्हीवर बलभीमाचा चेहरा आला, तसा तो पडद्याकडे बोट करून ओरडला, "चीटर! माझ्या जिवात जीव आहे तोवर ह्याला आत घेऊ देणार नाही!"

तुम्ही तोंड वळवलंत. "तुम्हाला विचारतंय कोण?" असं म्हणालात तुम्ही त्याला. किती महिन्यांनी तुमचा तो खवचट आवाज ऐकला मी!

आणि पलीकडच्या खुर्चीतून रसेल हसला. रसेल चाळिशीतला. त्याचं गाव पार उत्तरेला, तळ्याच्या काठी. तिथे मशीन नव्हतं, म्हणून घर, होडी, म्हातारी आई, बहीण सगळं मागे ठेवून त्याला इथे एका भाड्याच्या खोलीत येऊन राहावं लागलं. गावाच्या बेसबॉल टीममध्ये कॅचर, म्हणजे आपला विकेटकीपर, होता तो. म्हणाला, "बलभीमाने मारलेला तो चेंडू मी माझ्या बापाबरोबर टीव्हीवर पाहिलाय. आम्ही दोघं उठून उभे राहिलो होतो. आता कुणी म्हणालं, तो धरायचा नाही, तर मी उभा राहिलो होतो त्याचं काय करू?"

झालं! त्या दिवसापासून तुम्हा तिघांची संसदच भरली. दंडात सुया, नळ्यांतून रक्त बाहेर जातंय, परत येतंय, आणि तुम्ही तिघं एकमेकांवर ओरडताय. वॉल्टर म्हणायचा, फसवणूक ती फसवणूक. तुम्ही वॉल्टरच्या बाजूने. "अहो वॉल्टर, ह्या बलभीमाला आत घेतलं तर माझ्या मास्तरांनी प्रामाणिकपणे खांदा झिजवला त्याला काय अर्थ?" रसेलला मात्र तुमच्या मास्तरांचं कौतुक नव्हतं. "विन्स, तो चांगला होता. थोर नव्हता." हे वाक्य तुम्हाला इतकं लागायचं, की मशीन कुईकुई करायला लागायचं. नर्स धावत येऊन म्हणायची, "जंटलमन, तुमची ब्लड प्रेशरं बघा!"

एकदा रसेलने डोळा मारून विचारलं, "आपण तिघं तरी कुठे स्वतःच्या ताकदीवर खेळतोय?" आणि मशीनकडे बोट दाखवलं. मग वॉल्टर म्हणाला, "मी होमरन मारायला बघत नाहीये रे बाबा, मी फक्त घरी जायला बघतोय." तुम्ही इतके हसलात, की सुई हलली.

मी तिथे खुर्ची टाकून बसायचे. मला सांगा, चांगल्या तब्येतीच्या दिवसांत तुम्हाला असा एक तरी मित्र मिळाला होता? महाराष्ट्र मंडळात तुम्ही हसून नमस्कार करायचात आणि कोट घालून निघायचात. मित्र मिळाले ते ह्या अशा ठिकाणी. देवाची चेष्टाच म्हणायची!

रसेलने एक दिवस विचारलं, "विन्स हे तुझं खरं नाव नाही ना?" तुम्ही सांगितलंत. तो अक्षर अक्षर फोडत म्हणाला, "वा-सान्त." त्यानंतर तो तुम्हाला दुसऱ्या नावाने हाक मारेना. घरी येताना गाडीत तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. म्हणालात, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलं."

वॉल्टर गेला तो हिवाळा आठवतो? शुक्रवारी तो तावातावाने बोलत होता, की यंदा बलभीमाला निम्मीसुद्धा मतं पडणार नाहीत. सोमवारी त्याच्या खुर्चीत एक बाई होती. नर्सला विचारलं तर ती म्हणाली, "मला सांगता येत नाही." नियमच तसा. कुणाबद्दल काही सांगायचं नाही. तुम्हाला आणि रसेलला ते पेपरातल्या निधनवार्तेवरून कळलं. घरीच गेला होता, रविवारी. एकटाच राहायचा. खुर्ची एक दिवसही रिकामी राहिली नाही हो! ते तुम्हाला फार लागलं. "निदान एक दिवस तरी ठेवायची," एवढंच म्हणत राहिलात. पण बाहेर माणसं वाट बघत होती, ते तुम्हालाही ठाऊक होतं.

पुढे रसेलचे पाय काळे पडायला लागले. आधी बोटं काढली, मग पाऊल. तो हळूहळू बोलेनासा झाला. वाद तुम्ही सुरू करायचात, तो नुसता मान डोलवायचा. आणि एक दिवस, झाडांची पानं नुकतीच झडली होती, तो तुम्हाला म्हणाला, "वासान्त, मी शुक्रवारी घरी चाललोय."

"किती दिवस?" तुम्ही विचारलंत.

तुम्हाला समजायला थोडा वेळ लागला. मला आधी समजलं. गावात मशीन नव्हतं ना.

मग तुम्ही जे केलंत ते मी कधी विसरणार नाही. तुम्ही त्याला धरून ठेवायला बघितलंत. एरवी कुणाकडे मीठ मागायला लाजणारा माणूस, त्याला विनवायला लागलात. "अरे, जानेवारीपर्यंत थांब. निकाल लागू दे. मास्तरांचं हे शेवटचं वर्ष आहे, यंदा नाही तर कधीच नाही. तेवढं बघ आणि मग जा."

रसेल म्हणाला, "तू मला कळव."

"कसं कळवू?"

"माझ्या बहिणीला फोन कर. ती सांगेल मला."

जाताना त्याने तुमच्या दंडावर हात ठेवला, सुईसाठी शिरा जोडल्यात तिथे, जिथे हात लावला की आत मांजर घुरघुरल्यासारखं लागतं. थोडा वेळ तसाच ठेवला. म्हणाला, "आईने पाणी उकळत ठेवलं असेल. चहा. पोट भरून चहा पिणार मी." आणि व्हीलचेअर वळवली.

जानेवारीत निकाल लागला. सबनीस मास्तर राहिले. नाव कायमचं बाद झालं. तुम्ही रसेलच्या बहिणीला फोन लावलात. तो गावी पोचल्यावर दोन आठवडेसुद्धा टिकला नव्हता, ते तिने सांगितलं. तुम्ही फोन कानाशी धरून उभे होतात. मला वाटलं, आता ठेवतील. पण तुम्ही घसा खाकरून तिला म्हणालात, "तरी पण त्याला सांगायचं होतं. मास्तर नाही निवडून आले. बलभीमही नाही." ती बाई पलीकडून म्हणाली, "बलभीमाचं ऐकून फार चिडला असता तो." आणि मग तुम्ही दोघं, कधी न भेटलेली माणसं, फोनवर रडलात.

त्यानंतर तुम्ही युनिटमध्ये टीव्हीचा आवाज बंद करून बसू लागलात.

आता भांडणाचं बोलते.

आपल्या मुग्धाने किडनी देते म्हटलं, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली होती. माझा रक्तगट जुळला नव्हता, मृताची किडनी मिळायला रांग लांब, आणि तुमचं वय वाढत चाललेलं. आपली मुलगी तिकडे मिल्टनला. दोन लहान मुलं, नोकरी, ट्रेनने टोरोंटोला जा-ये. तरी तिने गुपचूप सगळ्या तपासण्या करून घेतल्या. महिनोन् महिने. आणि सगळं जुळल्यावरच फोन केला. किती आनंदात होती! "बाबा, आय ॲम अ मॅच! परफेक्ट मॅच, बाबा!"

तुम्ही म्हणालात, "नाही, बेटा. थँक यू." आणि फोन माझ्या हातात दिलात, हवामानाची बातमी सांगून झाल्यासारखा.

नाही? एका शब्दात नाही? मला विचारलंत? तिला नीट बोलू दिलंत? ती पलीकडे "आई, व्हॉट डिड ही से? व्हॉट डिड ही से?" करत होती.

मी तुम्हाला जाब विचारला, तेव्हा तुम्ही शांतपणे म्हणालात, "सुमन, आकडे बघ. सत्तरी उलटली. हृदय अर्धं गेलंय. तिचं वय बघ, तिची मुलं बघ. माझ्यासारख्याला कोण मत देईल?"

अहो, मतदान कुठे होतं? ज्याने आयुष्यात तुमचं नाव ऐकलं नाही अशा एका चेंडू टाकणाऱ्यासाठी तुम्ही वर्षानुवर्षं भांडलात. मास्तर लायक आहेत, मास्तरांना मोजा, म्हणून कंठशोष केलात. आणि स्वतःची पाळी आल्यावर एकट्यानेच मत दिलंत, एकट्यानेच मोजलंत आणि स्वतःला बाद करून मोकळे झालात! माझं मत? मुग्धाचं मत? आम्ही दोघींनी हात वर केलेला तुम्हाला दिसला नाही?

मी तेव्हा रागाने चार दिवस बोलले नाही. तुम्ही पाचव्या दिवशी विचारलंत, "आज आमटीला फोडणी दिलीस का? वास येतोय." संपलं. तुमच्याशी भांडणं म्हणजे बर्फात काठी मारणं. खूण उमटते आणि पुन्हा बर्फ पडतो.

मुग्धा मात्र त्या 'नाही'तून बाहेर आली नाही. ती दर आठवड्याला फोन करायची, पण तुम्हाला हाक मारताना तिचा आवाज बदललेला असायचा. तिला वाटत होतं, बाबांना माझं काही नकोय. तुमच्या लक्षात आलं होतं का हो? आलं असणार. पण तुम्ही तिला कधी सांगितलं नाहीत, की तुम्ही घाबरला होतात. ऑपरेशन टेबलावर तिला काही झालं तर, ह्या एका विचाराने तुम्ही रात्र रात्र कूस बदलायचात. मी शेजारीच झोपायचे. मला ठाऊक होतं.

आणि मग गेल्या डिसेंबरातली ती सकाळ. डॉक्टर बाईंनी आपल्याला आत बोलावलं. मला वाटलं, औषध बदलणार असतील. त्या हळूच म्हणाल्या, "मिस्टर विन्सनी मला सांगितलंय, की त्यांना डायलिसिस थांबवायचं आहे. तुम्हाला ह्याबद्दल काही विचारायचं आहे का?"

काही विचारायचं आहे का! मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही टोपी गुडघ्यावर फिरवत होतात. त्या परक्या बाईला आधी कळलं, आणि मला तिच्या तोंडून! लग्नात माझा हात धरलात तो काय अर्ध्या वाटेवर असा सोडण्यासाठी?

घरी आल्यावर तुम्ही म्हणालात, "मला तुझ्यापुढे हे बोलवलं नसतं. म्हणून तिच्याकडून वदवून घेतलं." मी म्हटलं, "भित्रे आहात." तुम्ही म्हणालात, "आहे." आणि मग, "थकलोय गं." तुमच्या तोंडून तो शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. दोन्ही दंड सुयांनी पोखरलेले, पायांत गोळे, पाण्याच्या घोटासाठी तळमळ. मी तुम्हाला पाणी आणून दिलं. मोठा पेला भरून. तुम्ही माझ्याकडे बघत बघत सगळं प्यायलात.

मुग्धा दुसऱ्याच दिवशी विमानाने आली. पहिले दोन दिवस ती तुमच्या खोलीत आली तरी काहीतरी आवरायचं निमित्त करून. तिसऱ्या दिवशी तुम्हीच तिला हाक मारलीत. "मुग्धा, यंदा कोण कोण आहे मतदानाला? वाच जरा." बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही पोरीला! तिने फोनवर नावं शोधली आणि पलंगाच्या कडेवर बसून चुकीच्या उच्चारांनी एकेक वाचायला लागली. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात. एखाद्या नावाला मान हलवायचात, एखाद्याला "छे" म्हणायचात. बलभीमाचं नाव आलं, आणि मला वाटलं आता वॉल्टरसारखे ओरडाल.

तुम्ही म्हणालात, "घ्या त्याला."

मी म्हटलं, "अहो, तो तर फसवणारा ना?"

"हो. पण रसेल उभा राहिला होता ना त्याच्यासाठी." मग, "बापाबरोबर."

मुग्धाला त्यातलं काही माहीत नव्हतं. तिने विचारलं, "हू इज रसेल, बाबा?" आणि तुम्ही सांगायला लागलात. वॉल्टर, रसेल, मशीन, चहा, सगळं. मध्येच दम लागायचा, झोप लागायची, पुन्हा उठून तिथूनच सुरू. सांगता सांगता तुम्ही तिचा हात धरलात आणि शेवटी बोललात ते, जे फोनवर बोलायला हवं होतं. "मी नाही म्हणालो ते तुझं नको होतं म्हणून नाही, बेटा. मला भीती वाटली." ती तुमच्या छातीवर डोकं टेकून इतकी रडली, की पांघरूण ओलं झालं. ते सुकायच्या आत तुम्ही झोपलात. त्यानंतर तुम्ही नीटसं बोलला नाहीतच.

तुम्ही गेलात ती दुपार स्वच्छ उन्हाची होती. बाहेर कडाक्याची थंडी, शेजारचा माणूस त्याच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत होता, त्याचा खरखर आवाज आत येत होता. मी तुमच्या ओठांवर ओला बोळा फिरवत होते. तुमचा श्वास थांबला, आणि मला वाटलं, आता पुढचा घेतील. बराच वेळ वाट बघितली. मुग्धा म्हणाली, "आई." मग मी बोळा खाली ठेवला.

तर तुमचं ते मत! ते पेटीत पडलं असतं तरी काही फरक पडला नसता. बलभीमही नाही, दुसरा कुणीही नाही. एवढ्या सगळ्या शहाण्या लेखकांनी विचार केला आणि कुणीच पुरेसा लायक नाही असं ठरवलं. ऐकून मला आधी हसू आलं आणि मग इतका राग आला, की मेथीची जुडी तशीच सिंकमध्ये टाकली. माणसांना असं मोजत बसायची ही काय हौस म्हणते मी!

आता खरी गोष्ट सांगते. काल रात्री जेवणं झाल्यावर मुग्धाचा फोन आला. ती तिची किडनी देणार आहे.

कुणाला? ते तिलाही माहीत नाही. तपासण्या तर झाल्याच होत्या म्हणे. तिने तिकडच्या हॉस्पिटलातल्या लोकांना फोन करून सांगितलं, की माझ्या वडिलांना नको होती, आता रांगेतल्या ज्या कुणाला जुळेल त्याला द्या. नाव कळणार नाही, गाव कळणार नाही. नवऱ्याशी बोलून झालंय. ऑपरेशन मार्चमध्ये.

तुम्हाला जी भीती वाटत होती ती अख्खीच्या अख्खी माझ्यावर येऊन बसली. मी म्हटलं, "अगं, तुझी मुलं लहान आहेत. आणि कुणा अनोळख्याला? दारुडा असला तर? म्हातारा असला तर? सहा महिन्यांत मेला तर? निदान तो लायक आहे का, एवढं तरी विचार!"

ती म्हणाली, "आई, दे डोन्ट व्होट ऑन इट."

फोन ठेवला आणि घासलेलीच भांडी मी पुन्हा घासायला घेतली.

रात्रभर जागी होते. तुम्ही असतात तर "नाही, बेटा" म्हणून फोन माझ्याकडे दिला असतात. माझ्याही जिभेवर तेच होतं, खोटं कशाला बोलू? अजूनही आहे. मला नको आहे हे. एक माणूस ह्या घरातून गेलं, आता दुसऱ्याला टेबलावर झोपलेलं बघायची ताकद माझ्यात नाही. पण तुमच्या एका 'नाही'ने त्या पोरीचं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

म्हणून तुम्हाला वचन देते. मी फेब्रुवारीच्या शेवटी मिल्टनला जाईन. मुलांचे डबे करीन, त्यांना शाळेत सोडीन. ऑपरेशनच्या दिवशी वेटिंग रूममध्ये बसेन, आणि दार उघडलं की उठून उभी राहीन. ती किडनी कुणाला गेली, कसल्या माणसाला गेली, हे मी कुणालाही विचारणार नाही. आणि माझी भीती मी तिच्यापासून लपवणार नाही. आधीच सांगीन तिला, की मुग्धा, मला फार भीती वाटतेय, आणि तरी मी आलेय.

तुमच्यावर अजून रागावलेली,
सुमन